ओळखीच्यांच्या नाटकावर लिहायचे कसे? : इंदूरची हौशी रंगभूमी आणि परीक्षकाचे स्वातंत्र्य

तिसरी घंटा | मंगळवार, रात्री ९:४०

मंडळी, गेल्या महिन्यात आपल्याकडच्या एका हौशी संस्थेच्या दोन अंकी कौटुंबिक नाटकावर मी परीक्षण लिहिले होते. इथल्या बऱ्याच जणांनी ते वाचले असेल. त्यानंतर जे घडले ते सांगून मला तुमचे मत विचारायचे आहे.

परीक्षणात मी तीन उणिवा दाखवल्या होत्या आणि दोन गोष्टींचे मनापासून कौतुक केले होते. त्याबद्दल मला स्वतःला एकही फोन आला नाही. पहिला फोन आला तो माझ्या सासूबाईंना. दुसऱ्यांदा माझ्या नणंदेला तिच्या मुलाच्या शिकवणीच्या दाराशी गाठण्यात आले. आणि तिसरी प्रतिक्रिया चैत्रातल्या हळदीकुंकवात, आंबेडाळीचा द्रोण माझ्या हातात देता देता मिळाली : "मुलांनी नोकऱ्या सांभाळून चार महिने तालमी केल्या हो, आणि तुम्ही एका रात्रीत सगळे उतरवून ठेवलेत." मुंबईत परीक्षक आणि नट यांच्यामध्ये निदान एक वर्तमानपत्र उभे असते. इंदुरात आमच्यामध्ये दोन्हीकडचे नातेवाईक उभे असतात.

आता माझी बाजूही पूर्ण सांगते. त्या प्रयोगाचा पास मला संस्थेनेच पाठवला होता. मध्यंतरात विंगेमागे बोलावून कचोरी आणि चहाही दिला. पास घेतला म्हणून मी गोड लिहायला हवे होते का? किंवा पास घेतल्याचा डाग पुसावा म्हणून मी मुद्दाम थोडे कडक लिहिले का? दुसरा प्रश्न मला पहिल्यापेक्षा जास्त छळतो. जिथे मराठी नाटक करणारी, पाहणारी आणि त्यावर लिहिणारी माणसे पिढ्यानपिढ्या तीच ती आहेत, तिथे तटस्थ परीक्षण ही गोष्ट मुळात शक्य आहे का? आणि नसेल, तर लिहिणे थांबवावे का?

पाचवी रांग | मंगळवार, रात्री १०:०५

थांबवू नका. पण प्रेक्षक म्हणून माझी एक अडचण आहे. परीक्षण वाचून मला एवढेच ठरवायचे असते की रविवारची संध्याकाळ आणि घरातल्या चौघांचे जाणे-येणे या नाटकावर घालवावे की नाही. हौशी नाटकाचे परीक्षण येते तेव्हा प्रयोग होऊन गेलेला असतो आणि पुढचा कधी लागेल हे करणाऱ्यांनाही ठाऊक नसते. मग हे परीक्षण नेमके कोणासाठी लिहिले जाते, हे आधी ठरवा. तटस्थतेचे नंतर पाहू.

विंगेतला | मंगळवार, रात्री ११:२०

ज्या नाटकावरून हा धागा निघाला त्याचे दिग्दर्शन माझे होते, हे आधीच सांगून टाकतो. सासूबाईंना झालेला फोन मी केलेला नाही आणि करायलाही सांगितलेला नाही. तरी तो आमच्यापैकीच कोणीतरी केला असणार, म्हणून मी दिलगीर आहे.

पाचवी रांग विचारतात की परीक्षण कोणासाठी. निदान आमच्यासाठी तरी ते होते, आणि त्यातले एक वाक्य आम्ही शब्दशः वापरले. नाटकात आई सुपातले तांदूळ निवडत बसलेली असते आणि मुलगा समोर उभा राहून घर विकण्याची गोष्ट काढतो. तिसरी घंटा यांनी लिहिले होते की त्या दहा मिनिटांत आईचे बोट एकदाही थांबले नाही आणि तिला एकही खडा सापडला नाही, त्यामुळे ती मुलाचे ऐकत नसून आपल्या वाक्याची पाळी येण्याची वाट पाहत आहे हे कळत होते. हे वाचून आम्हाला चांगलेच झोंबले. मग पुढच्या तालमीला मी सुपात खरेच मूठभर बारीक खडे मिसळले आणि नटीला सांगितले की जेवढे सापडतील तेवढे काढून ताटलीत टाक. पहिल्याच फेरीत ती 'विकू' या शब्दावर थांबली, कारण नेमका तेव्हाच तिच्या बोटाला खडा लागला. आता तो खडा आम्ही तिथेच ठेवतो.

तिला, मला, कोणालाही या वाक्याचा राग नाही. राग आला तो शेवटच्या परिच्छेदाचा, जिथे "एकंदरीत प्रयोग बेतास बात झाला" असे लिहिले आहे. बेतास बात म्हणजे काय, ते आम्ही दुरुस्त कसे करायचे? आणि "प्रकाशयोजना ढिसाळ" हे वाक्य. सभागृह आमच्या ताब्यात दुपारी तीनला मिळाले आणि पडदा सातचा होता. दुसऱ्या अंकात डिमरचे, म्हणजे दिवे कमीजास्त करणाऱ्या यंत्राचे, दोन चॅनल बंद पडले, म्हणून आईचा कोपरा अंधारात गेला. सवलत मागत नाही. फक्त एवढेच म्हणतो की दिसले ते 'आईचा चेहरा पंधरा मिनिटे दिसला नाही' हे होते. 'ढिसाळ' हा शब्द मात्र पाहण्यातून आलेला नाही, तो आमच्याबद्दलच्या अंदाजातून आला.

काळा कोट | बुधवार, सकाळी ८:१५

विंगेतला यांनी नकळत कायद्याच्या एका जुन्या भेदावर बोट ठेवले आहे, म्हणून चार ओळी लिहितो.

अब्रुनुकसानीची व्याख्या भारतीय दंड संहितेच्या, म्हणजे १८६० च्या कायद्याच्या, कलम ४९९ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ ने घेतली. त्या व्याख्येला जे अपवाद आहेत त्यातला सहावा थेट आपल्या विषयाचा आहे. जी कृती कर्त्याने लोकांच्या निर्णयासाठी पुढे ठेवली आहे, तिच्या गुणदोषांबद्दल सद्‌भावनेने व्यक्त केलेले मत ही अब्रुनुकसानी होत नाही. कायद्यातच उदाहरण आहे की सार्वजनिक रंगमंचावर येणारा नट किंवा गायक आपला अभिनय किंवा गायन लोकांच्या निर्णयावर सोपवतो. म्हणजे तिकीट काढून आलेल्याला 'नट कच्चा होता' असे म्हणण्याचा अधिकार दीडशे वर्षांहून अधिक काळ लेखी आहे.

त्याच अपवादाखालची पुढची दोन उदाहरणे मला फार आवडतात. एखाद्याने म्हटले की अमक्याचे पुस्तक मूर्खपणाचे आहे, त्या अर्थी तो दुबळ्या बुद्धीचा असावा, तर सद्‌भावनेने म्हटलेले असल्यास तो अपवादात बसतो, कारण लेखकाबद्दलचे त्याचे मत पुस्तकात जे दिसते तेवढ्यापुरतेच आहे. पण तोच माणूस म्हणाला की अमक्याचे पुस्तक मूर्खपणाचे आणि अश्लील निघाले याचे मला नवल नाही, कारण तो आहेच दुबळा आणि बदफैली, तर तो अपवादाबाहेर गेला. कृतीवरून माणसाकडे जाता येते. माणसावरून कृतीकडे यायचे नाही.

सद्‌भावना या शब्दाचाही कायद्यातला अर्थ 'चांगला हेतू' इतका सैल नाही. योग्य काळजी आणि लक्ष न देता केलेले काहीही सद्‌भावनेने केलेले धरले जात नाही. अर्धा अंक बाहेर फोनवर बोलून आलेल्या परीक्षकाचा हेतू कितीही निर्मळ असला तरी तो त्याला वाचवणार नाही.

प्रॉम्प्टर | बुधवार, दुपारी १:३०

काळा कोट यांचे उदाहरण वाचले आणि परीक्षण पुन्हा उघडले. तिसरी घंटा ताई, तुमचे संपूर्ण वाक्य असे आहे : "दिग्दर्शकाचा नेहमीचा ढिसाळपणा प्रकाशयोजनेतही दिसला." हा 'नेहमीचा' त्या संध्याकाळी तुम्हाला रंगमंचावर नेमका कुठे दिसला?

तो तिथे दिसणे शक्य नव्हते. तो तुम्हाला माहीत होता. तुम्ही त्याच संस्थेत चार वर्षे होतात आणि एका नाटकातली भूमिका दुसरीला गेल्यावर बाहेर पडलात, हे जुन्या मंडळींना ठाऊक आहे. बाहेर पडणे चूक होते असे मी म्हणत नाही, तेव्हा मीही तिथेच होतो आणि माझ्या मते तुमच्यावर अन्यायच झाला होता. पण परीक्षणात त्याचा उल्लेख नाही. आणि वर धाग्यात तुम्ही कचोरीचा हिशेब दिलात, या गोष्टीचा मात्र दिला नाहीत.

पाचवी रांग | बुधवार, दुपारी १:४५

आता धागा खऱ्या अर्थाने सुरू झाला.

जुना सभासद | बुधवार, सायंकाळी ६:५०

प्रॉम्प्टर यांचा मुद्दा रास्त आहे, पण त्यातून 'जवळच्याने लिहूच नये' असा निष्कर्ष कोणी काढू नये, म्हणून लिहितो.

मी सानंद न्यास या इंदूरच्या संस्थेचा अनेक वर्षांचा सभासद आहे. तिथे मुंबई-पुण्याचे नाटक येते, त्याचे पाच सभासद-गटांसाठी पाच प्रयोग होतात आणि पैसे आपण आधीच भरलेले असतात. त्या नाटकावर इंदुरात कोणी काहीही लिहिले तरी एक खुर्ची रिकामी होत नाही किंवा भरत नाही, आणि नटमंडळी तर परतीच्या प्रवासाला लागलेली असतात. तिथे निर्भीड होण्याला काहीच किंमत मोजावी लागत नाही, म्हणूनच आपल्याकडचे अनेक निर्भीड परीक्षक फक्त त्याच नाटकांवर निर्भीड असतात. गल्लीतल्या नाटकावर लिहायची वेळ आली की 'सर्वांनी आपापल्या भूमिकांना न्याय दिला' हे वाक्य बाहेर पडते. हे वाक्य मी इतक्या वेळा वाचले आहे की या शहरात भूमिकांना न्याय मिळण्याचे प्रमाण न्यायालयांपेक्षा निश्चित जास्त असावे.

त्या पाच गटांतल्या एकाला राहुल बारपुते यांचे नाव आहे, एकाला रामूभैया दाते यांचे. बारपुते 'नईदुनिया' या हिंदी दैनिकाचे संपादक होते, आणि दिग्दर्शक बाबा डिके, चित्रकार चिंचाळकर गुरुजी, गायक कुमार गंधर्व आणि ते यांची मैत्री माझ्या पिढीला सांगावी लागत नाही. डिके 'नाट्यभारती' या संस्थेतून नाटके बसवत. म्हणजे त्या काळीही शहरातला संपादक आणि शहरातला दिग्दर्शक एकाच बैठकीत बसत होते. ओळख टाळून नाटकाची चर्चा करायची म्हटले असते तर इंदुरात ती कधी सुरूच झाली नसती.

महाराष्ट्रातही वेगळे नाही. जयंत पवार 'अधांतर'सारखे नाटक लिहीत होते आणि 'महाराष्ट्र टाइम्स'मध्ये इतरांच्या नाटकांवर परीक्षणेही लिहीत होते. ज्यांच्यावर लिहायचे ते त्यांचे समव्यवसायी. समीक्षक माधव मनोहर तर मराठी नाटकाचे मूळ परभाषेतल्या कोणत्या कृतीत आहे हे हुडकून काढून जाहीर करत, आणि त्यासाठी नाटककारांमध्ये ते भलतेच प्रसिद्ध होते. मला त्यांच्या परीक्षणाचे हे अंग फार मोलाचे वाटते, कारण 'मूळ कल्पना उसनी आहे' हे विधान तपासता येते. दोन्ही कृती समोर ठेवून कोणीही पाहावे. आपल्याकडे हौशी संस्था रूपांतर करतात आणि पत्रिकेवर मूळ लेखकाचे नाव घालायचे राहून जाते. ते दाखवायला कोणत्याही तटस्थतेची गरज नाही, वाचन पुरते.

पाचवी रांग यांचा प्रश्न राहिला. परीक्षण कोणासाठी? माझे उत्तर असे की दहा वर्षांनी ज्याला हे नाटक कसे होते हे जाणून घ्यायचे असेल त्याच्यासाठी. दोन प्रयोगांत संपणाऱ्या नाटकाचे दुसरे काय उरते? वर्तमानपत्रातल्या बातमीवरून दीपप्रज्वलन कोणी केले आणि स्मृतिचिन्हे कोणाला मिळाली ते कळते. आईने तांदूळ कसे निवडले ते फक्त परीक्षणात सापडेल.

तिसरी घंटा | बुधवार, रात्री १०:१०

प्रॉम्प्टर, तुम्ही म्हणता ते खरे आहे.

मी काल रात्री धागा काढताना पास, चहा आणि कचोरी यांबद्दल लिहिले, कारण ते कबूल करणे सोपे होते. कचोरी घेतल्याची कबुली दिली की माणूस प्रामाणिक दिसतो. संस्था सोडल्याची गोष्ट मी 'आता त्याला सहा वर्षे झाली' असे स्वतःला सांगून गाळली. परीक्षण लिहितानाही तेच केले. तुमचा निरोप वाचल्यावर मी माझी त्या रात्रीची वही काढली. मी प्रयोगात अंधारातच वहीत टिपणे करते, अक्षरे एकमेकांवर चढतात, पण वाचता येतात. प्रकाशाबद्दल तिथे एवढेच आहे : "आईचा कोपरा काळा. मुलगा उजेडात. मुद्दाम?" म्हणजे पाहताना मला शंका आली होती की हे योजून केले असावे, मुलगा उजेडात आणि आई अंधारात. घरी येऊन लिहायला बसले तेव्हा ते प्रश्नचिन्ह गेले, 'ढिसाळ' आला आणि त्याच्या मागोमाग 'नेहमीचा' आला. हे कधी झाले ते मला आठवत नाही. पण ते सभागृहात झाले नाही, माझ्या टेबलाशी झाले.

विंगेतला, तुमची मी क्षमा मागते. 'नेहमीचा' हा शब्द आज परीक्षणातून काढला आहे आणि तो काढल्याची नोंद खाली केली आहे, कारण गुपचूप काढणे हा आणखी एक लबाडीचा प्रकार झाला असता. 'बेतास बात' मात्र ठेवणार होते, कारण दुसरा अंक मला खरेच कंटाळवाणा वाटला. पण ते कसे लिहावे हा विचार करता लक्षात आले की तो कुठे कंटाळवाणा झाला हे मला सांगता येते. मामाचे पात्र दुसऱ्यांदा येते तेव्हा ते पहिल्या अंकात सांगितलेलीच हकीकत पुन्हा सांगते, आणि ती सांगत असताना बाकीचे तिघे उभे राहून ऐकतात, कोणाच्याही हाताला काही काम नाही. 'बेतास बात'च्या जागी आता हे वाक्य घातले आहे.

विंगेतला | बुधवार, रात्री १०:४०

मामाबद्दल तुम्ही बरोबर आहात. नाटककार माझा मित्र आहे आणि मी त्याला हे तालमीच्या दुसऱ्या आठवड्यापासून सांगत आहे. म्हणजे मैत्रीमुळे परखडपणा जातो असे नाही, पण मैत्रीमुळे परखडपणाचा काही परिणाम होईलच असेही नाही. आता परीक्षणातले वाक्य त्याला दाखवतो.

आणि तो अंधार योजलेला नव्हता. योजायला हवा होता असे आता वाटते.

सूत्रधार | गुरुवार, सकाळी ७:३०

या चर्चेत भरतमुनींना आणणे काहींना अवजड वाटेल, पण नाट्यशास्त्राच्या २७ व्या अध्यायात अगदी हाच प्रश्न आहे, म्हणून राहवत नाही. तो अध्याय प्रयोगाच्या सिद्धीबद्दल, म्हणजे प्रयोग साधला की नाही हे कसे ठरवावे याबद्दल आहे.

त्यात प्रयोगात येणाऱ्या बिघाडांना 'घात' म्हटले आहे आणि त्यांची उगमावरून वर्गवारी केली आहे. काही घात दैवाने होतात, जसे वारा, पाऊस, आग, मंडपात जनावर शिरणे. काही नटाच्या स्वतःच्या हातून होतात, जसे वाक्य विसरणे, दुसऱ्याचे वाक्य बोलणे, मुकुट पडणे. काही शत्रूकडून होतात, आणि तिथली यादी वाचून हसू येते : मोठ्याने ओरडणे, टाळ्या पिटणे, शेण, ढेकळे आणि मुंग्या फेकणे. चौथा प्रकार उत्पाताचा, म्हणजे भूकंपासारख्या अवचित संकटाचा. परीक्षकाने दोष मोजण्याआधी तो कोणाच्या खात्यावर मांडायचा हे पाहावे, अशी ती व्यवस्था आहे. डिमर बंद पडणे कुठे मांडायचे हे तुम्हीच ठरवा. सभागृहाची देखभाल हे आपल्याकडे दैवच आहे. पण चेहरा अंधारात गेल्याचे दिसत असूनही नटी दोन पावले उजेडात सरकली नाही, हा घात दैवाचा नाही.

दुसरी गोष्ट प्राश्निकांची. प्राश्निक म्हणजे निर्णय देणारे. भरतांनी एकच सर्वज्ञ परीक्षक बसवलेला नाही. यज्ञाचा प्रसंग असेल तर यज्ञ जाणणारा, नृत्यासाठी नर्तक, छंदासाठी छंदोज्ञ, शब्दांसाठी वैयाकरण, शस्त्रासाठी धनुर्धर, रंगरूपासाठी चित्रकार, गायनासाठी गायक, राजाच्या वागण्यासाठी राजा, राजदरबारातल्या रीतींसाठी राजसेवक, आणि शृंगाराच्या उपचारांसाठी गणिका. प्रत्येकाने आपापल्या विषयापुरते बोलायचे. यातले कोणीही नाट्यव्यवहाराबाहेरचे किंवा त्या विषयापासून दूर असलेले नाहीत. उलट प्रत्येक जण त्यात बुडालेला आहे. तरीही प्रेक्षक आणि प्राश्निक यांनी पक्षपात करू नये अशी अपेक्षा आहेच. म्हणजे विषयाशी जवळीक हवी आणि पक्ष नको. तिसरी घंटा यांचे संस्थेतले चार वर्षांचे काम ही त्यांची पात्रता आहे, अपात्रता नव्हे. तांदळाचे ते वाक्य अशा माणसालाच सुचते ज्याने स्वतः कधीतरी रंगमंचावर खोटे तांदूळ निवडले आहेत.

पुण्यात इंदूरकर | गुरुवार, दुपारी १२:२०

मी बारा वर्षांपूर्वी इंदूर सोडले. न्याय्य परीक्षणाचा एक प्रश्न इथे अजून कोणी काढला नाही, तो भाषेचा.

आपल्या नाटकांवर बाहेरून आलेले परीक्षक बोलतात तेव्हा पहिला वार उच्चारांवर असतो. महाराष्ट्र शासनाच्या हौशी नाट्यस्पर्धेत इंदूरचे संघ उतरतात, आणि निकालानंतर 'त्यांना आपली मराठी कळली नाही' ही कुजबुज मी लहानपणापासून ऐकली आहे. परीक्षक परगावचे असतात, ते कोणालाच ओळखत नाहीत, म्हणजे तटस्थतेची परिसीमा. पण ओळख नसल्यामुळेच 'मी जाऊन राहिलो आहे', म्हणजे 'मी जात आहे', हे वाक्य त्यांना चूक वाटते. आमच्या घरी आजीपासून सगळे असेच बोलतात. हिंदी मुलखात दोनअडीचशे वर्षे राहिलेली मराठी अशीच बोलणार. दूरच्या माणसाचा पूर्वग्रह दिसत नाही, कारण त्याला तो प्रमाण म्हणतो.

याच नाटकात, म्हणे, एका पात्राच्या तोंडून "मला हे नाही जमून राहिलं" असे गेले आणि परीक्षणात ते 'भाषेतील दोष' म्हणून नोंदवले आहे. इंदूरच्याच परीक्षकाने असे म्हणावे याचे मला वाईट वाटले.

तिसरी घंटा | गुरुवार, दुपारी ३:००

इथे मी माझे मत बदलणार नाही. नाटक घडते पुण्यातल्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात. पात्राचा जन्म तिथला, त्याने पेठ कधी सोडलेली नाही असे संवादात दोनदा येते. अशा माणसाच्या तोंडी 'जमून राहिलं' आले की वाडा हलतो. तेच नाटक जुन्या इंदुरातल्या, पंढरीनाथाजवळच्या वाड्यात घडवले असते, तर 'मला हे जमत नाहीये' असे शुद्ध पुणेरी बोलणाऱ्या नटाला मी दोष दिला असता. माप पुण्याचेही नाही आणि इंदूरचेही नाही, नाटकाने स्वतः निवडलेल्या जागेचे आहे. मात्र 'भाषेतील दोष' हे माझे शब्द चुकले, 'पात्राच्या गावाशी विसंगत' असे लिहायला हवे होते. तो फरक तुम्ही दाखवला नसता तर माझ्या लक्षात आला नसता.

विंगेतला | गुरुवार, दुपारी ३:२५

खरे सांगायचे तर वाडा सदाशिव पेठेतला का, हे आम्ही स्वतःला विचारलेच नाही. संहितेत तसे होते म्हणून तसे. आमच्यापैकी एकाही नटाने तो वाडा आतून पाहिलेला नाही, आणि पंढरीनाथाजवळच्या वाड्यांत आम्ही लहानाचे मोठे झालो. नाटककाराशी बोलतो. मामापेक्षा हे त्याला लवकर पटेल असे वाटते.

काळा कोट | गुरुवार, रात्री ९:००

पासाचा मुद्दा अधांतरी राहिला आहे. २०२२ च्या जूनमध्ये केंद्र सरकारने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यात असे आहे की वस्तूची शिफारस करणाऱ्याचा उत्पादकाशी असा काही संबंध असेल ज्यामुळे शिफारशीच्या विश्वासार्हतेवर परिणाम होऊ शकतो, आणि ग्राहकाला तो संबंध अपेक्षित नसेल, तर तो उघड करावा. ही तत्त्वे जाहिरातींसाठी आहेत, हौशी नाटकाच्या परीक्षणाला त्यांत ओढायचे कारण नाही. पण कसोटी उसनी घेण्यासारखी आहे. वाचकाला जो संबंध अपेक्षित नसतो तो सांगायचा. परीक्षकाला पास मिळतो हे वाचक धरूनच चालतो. परीक्षक त्याच संस्थेतून रुसून बाहेर पडला आहे, हे तो धरून चालत नाही.

पाचवी रांग | गुरुवार, रात्री ९:२०

आणि परीक्षकाची भाची नाटकात असेल तर?

प्रॉम्प्टर | गुरुवार, रात्री ९:३५

तर तिच्या भूमिकेबद्दल लिहू नये आणि लिहिले नाही हे लिहावे. नाहीतर भाची वर्षभर बोलणार नाही आणि भाचीची आई दोन वर्षे.

तिसरी घंटा | शुक्रवार, सकाळी १०:००

सर्वांचे वाचून मी माझ्यापुरते जे ठरवले आहे ते इथे लिहून ठेवते, म्हणजे उद्या मी विसरले तर आठवण करून देता येईल. प्रत्येक परीक्षणाच्या डोक्यावर दोन-तीन ओळींची टीप असेल. या नाटकाच्या पुढच्या प्रयोगावर लिहिताना ती अशी राहील : "या संस्थेत मी चार वर्षे काम केले आणि भूमिकावाटपावरून मतभेद होऊन सहा वर्षांपूर्वी बाहेर पडले. दिग्दर्शकाशी माझी ओळख जुनी आहे. प्रयोग तिकीट काढून, दुसऱ्या रांगेच्या डाव्या टोकाला बसून पाहिला, तिथून उजवीकडची विंग दिसत नाही." शेवटचे वाक्य काहींना गमतीचे वाटेल, पण मला ते बाकीच्यांइतकेच महत्त्वाचे वाटते. कुठून पाहिले हे सांगायचे तर खुर्चीही सांगावी.

दुसरे असे की जे विशेषण वहीत नाही ते परीक्षणात येणार नाही. विशेषण घरी सुचले तर वहीतले कोणते टिपण त्याच्या मागे आहे ते शोधायचे, आणि सापडले नाही तर विशेषण सोडून द्यायचे. याने माझी परीक्षणे थोडी रुक्ष होतील. तिसरे, संस्थेकडून कोणाला काही म्हणायचे असेल तर ते इथे, नावानिशी नाही तर निदान आपल्या आयडीने लिहावे, आणि परीक्षणाखाली ते जसेच्या तसे राहील. सासूबाईंना फोन करू नये. त्यांना नाटक आवडले होते आणि त्या सध्या माझ्याशीच भांडत आहेत.

विंगेतला, पुढचा प्रयोग ठरला आहे का?

विंगेतला | शुक्रवार, दुपारी १:१०

येत्या रविवारी, साडेसातला. वाडा अजून सदाशिव पेठेतच आहे, एवढ्या लवकर हलवता आला नाही. मामाची हकीकत अर्धी कापली आहे. तिकिटे खिडकीवर सहापासून मिळतील, तुमच्या नावाने पास ठेवलेला नाही. दुसऱ्या रांगेच्या डाव्या टोकाला बसू नका, या सभागृहात त्या बाजूचा पंखा आवाज करतो.